भुसारीबाईंची लाख

पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी गेल्यावर, पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी, "आज काही करपलं का हो?" असं मोठ्या आशेनं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या भुसारीबाई. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या बायकोला, कुसुमला, हा प्रश्न चांगलाच झोंबला. कुसुमच्या हातची चव आमच्या अख्ख्या गल्लीत नावाजलेली. तिनं पदर खोचला आणि सांगितलं, "आमच्याकडे करपत नाही काही." बाईंचा चेहरा पडला. "काहीच नाही? भाताची खरवडसुद्धा नाही?" मग त्यांनी झोळीतून कागदाच्या पुड्या काढल्या. एकीत मसूर, एकीत गहू, एकीत मूग. त्या पुड्या कुसुमच्या हातात ठेवून त्या अजिजीनं म्हणाल्या, "मग एवढं करपवून देता का? तुमच्या सवडीनं."

कुसुम मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. "काहो, ह्या बाईंचं डोकं जागेवर आहे ना?" मी म्हटलं, "याच कामाचा पगार मिळतो त्यांना." ते ऐकून ती आणखीच घाबरली. पण शब्द दिला म्हणून तिनं तवा ठेवला. पहिल्या खेपेला तिला ते जमेना. धान्य जरा तांबूस झालं, वास सुटला की हात आपोआप परतायला जायचा. जन्मभर जे होऊ नये म्हणून जीव टाकला तेच मुद्दाम करायचं म्हणजे काही सोपं नाही. शेवटी तिनं तवा तसाच ठेवला आणि शेजारणीकडे जाऊन बसली. घरभर धूर झाला, गल्लीतले लोक विचारायला आले, आणि बाईंना हवे तसे कोळशासारखे काळे मसूर मिळाले. त्यांनी ते भिंगाखाली धरले, वळवून वळवून पाहिले आणि म्हणाल्या, "कुसुमताई, इतकं सुरेख करपलेलं मी नागपुरात पाहिलं नाही." कुसुमला ही स्तुती कुठे ठेवावी ते कळेना. पण तेव्हापासून दोघींची गट्टी जमली.

मी तेव्हा नागपुरात पुरातत्त्वाच्या विभागात ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे जमिनीतून निघालेली खापरं, मणी, लोखंडी कुऱ्हाडी यांची मापं घेऊन कागदावर चित्रं काढायची. भुसारीबाई मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या. जुन्या वस्तीच्या मातीतून जळकी धान्यं, बिया, लाकडाचे कोळसे वेचायचे आणि त्यावरून त्या काळची माणसं काय पेरत होती, काय खात होती, रानातून काय आणत होती ते शोधायचं, हे त्यांचं शास्त्र. जुनं धान्य मातीत कुजून जातं, किडे खातात. टिकतं ते फक्त जळलेलं. ते ओळखायचं तर आजचं धान्य करपवून शेजारी ठेवून पाहावं लागतं. बाई वर्गात पहिल्याच दिवशी सांगायच्या, "जे शिजलं ते पोटात गेलं, जे सांडलं ते उंदरानं नेलं. आपल्या वाट्याला आलं ते करपलेलं. तेव्हा ज्या बाईचं लक्ष चुलीवर नव्हतं, तिला आधी नमस्कार करा."

आडनावच भुसारी. लोक विचारायचे, हा योगायोग की काय? बाई म्हणायच्या, "आजोबांपर्यंत महाल भागात भुसाराचं दुकान होतं. दुकान बुडालं, आडनाव राहिलं. मी उधारी वसूल करून राहिली आहे, पण लोक फार जुने आहेत."

उंचीनं ठेंगण्या, रंगानं सावळ्या, अंगावर सुती लुगडं, पायात पुरुषी चपला आणि गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं भिंग. लग्न केलं नव्हतं. नव्या माणसाला लांबून ते भिंग मंगळसूत्रच वाटायचं आणि तो "तुमचे मिस्टर काय करतात?" म्हणून विचारायचा. बाई भिंग उचलून त्याच्याकडे एका डोळ्यानं बघायच्या आणि म्हणायच्या, "हेच. बारीकसारीक कामं करतात." बोलायच्या शुद्ध, छापील. पण राग आला किंवा आनंद अनावर झाला की त्यांच्या ‘ला’चा ‘ले’ व्हायचा. विभागातला शिपाई दाराबाहेर कान देऊन उभा राहायचा आणि आम्हाला सावध करायचा, "‘मला’ सुरू आहे, जा बिनधास्त," किंवा "थांबा, ‘मले’ सुरू झालं." त्यांच्या मनाचा अंदाज आम्हाला दाराबाहेरच मिळायचा.

सुट्टीच्या दिवशी बाई सायकल मारत इतवारीच्या धान्यबाजारात जायच्या. दुकानापुढच्या प्रत्येक पोत्यात हात घालून चिमूटभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, भिंगातून बघायचे आणि "हं" असं म्हणायचे. त्या ‘हं’नं भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटत असे. भेसळ पकडणाऱ्या खात्याची कुणी मोठी अधिकारी आली अशी सगळ्यांची समजूत. खुर्ची यायची, चहा यायचा. एकदा मी बरोबर होतो. एका शेटजींनी हात जोडून विचारलं, "बाईसाहेब, माल में कुछ गडबड है क्या?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "गडबड नाही हो. फारच ताजा आहे."  शेटजींनी आणखी एक चहा मागवला.

मला त्यांनी छळलं ते बियांच्या चित्रांपायी. मी आपला हातभर रांजण काढणारा माणूस, माझ्यापुढे त्यांनी मुंगीच्या डोक्याएवढा काळा ठिपका ठेवला आणि सांगितलं, "याचं चित्र काढा. बेंबीसकट." प्रत्येक बीला, ती शेंगेला जिथे चिकटलेली असते तिथे, एक खूण असते. बाई तिला बेंबी म्हणत. "बेंबी चुकली की घराणं चुकलं, चित्रकार. मुगाची बेंबी उडदाला लावली म्हणजे तुम्ही एका घरची सून दुसऱ्याच घरात नेऊन घातली." सूक्ष्मदर्शकात डोळा घालून घालून मला रात्री स्वप्नात बेंब्या दिसायच्या. एक चित्र चार वेळा परत आलं. पाचव्यांदा मी वैतागून म्हणालो, "बाई, ही बी इतकी जळाली आहे की तिला स्वतःलाही आपली बेंबी सापडणार नाही." बाई म्हणाल्या, "तिला नाही सापडली तरी चालेल. तुम्हाला सापडली पाहिजे."

त्यांचा आणखी एक खाक्या असा की जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणून खणखणीत आवाजात सांगायचं. मोठ्या परिषदेत, शंभर विद्वानांसमोर, लोक जे उत्तर खोकत, चष्मा पुसत देतात, ते बाई नाव सांगावं तसं द्यायच्या. हे पाहून एका चतुर विद्यार्थ्यानं परीक्षेत सगळ्या प्रश्नांखाली "माहीत नाही" असं लिहिलं. बाईंनी भोपळा दिला आणि खाली शेरा मारला: "तुम्हाला माहीत नाही, हे मला माहीत होतं."

आमच्या खात्यात त्यांना मान होता असं मात्र म्हणवत नाही. उत्खननाचे प्रमुख हरकरे सर. माणूस दिलदार, पण त्यांचा जीव लोखंडात आणि तांब्यात. थडग्यात एखादा तांब्याचा दागिना निघाला की सर आठवडाभर हवेत चालायचे. बाईंची माती म्हणजे त्यांच्या लेखी केर. "भुसारीबाई, तुम्ही आमचा उकिरडा सांभाळता," असं ते प्रेमानंच म्हणायचे. बाई म्हणायच्या, "सर, दागिना लोक दाखवायला घालतात. उकिरडा कुणी दाखवायला करत नाही. तुम्हीच सांगा, कोणावर विश्वास ठेवू?"

त्या वर्षी आमचा तळ पारशिवनीच्या पुढे, नदीकाठच्या एका गावाबाहेर पडला होता. गावाशेजारी जुन्या वस्तीचं टेकाड होतं. लोक त्याला पांढरी म्हणत. ज्यांच्या शेताच्या कडेला ते टेकाड होतं ते डोमाजी पाटील, भला थोरला मिशाळ माणूस. त्यांनी खणायला परवानगी दिली होती. ती का दिली ते पुढे कळलं. हंगाम संपत आला होता, तंबू उतरवायची बोलणी चालली होती, आणि अशात एका खड्ड्यात पेव लागलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेलं कोठार. वर तोंड लहान, आत पोट मोठं. वरची माती काढली तशी आत काळीभोर भुकटी दिसू लागली. हरकरे सर वाकून बघून गेले. "भांडं नाही, लोखंड नाही. रिकामं करा आणि तळ गाठा," म्हणाले आणि दुसऱ्या खड्ड्याकडे वळले.

बाई मात्र पेवात उतरल्या आणि एका कडेनं भुकटी सारत तळापर्यंत गेल्या. बराच वेळ नुसता त्यांचा अंबाडा दिसत होता. मी काठावर मापं घेत उभा होतो. एकाएकी त्या ताठ उभ्या राहिल्या आणि एवढ्याशा देहातून कसा निघाला कोण जाणे असा आवाज काढून ओरडल्या, "लाख! हरकरे सर, लाख! बाप्पा रे, तळाशी पेव भरून लाख आहे! चित्रकार, मले हात द्या, मले वर घ्या!"

आता इथे एक खुलासा केला पाहिजे. लाख म्हणजे लाखेची डाळ. तुरीसारखी दिसते, तुरीत मिसळून खपवतात. दाणा कोनदार, छोट्या कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. पाऊस दगा देवो, बाकी सगळी पिकं मरोत, लाख येतेच. पण ती एकटीच, महिनोन्महिने खाल्ली की पाय जातात, माणूस लुळा होतो. म्हणून सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातली होती आणि तरीही धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती गुपचूप पेरली जात होती. आम्ही नागपूरचे लोक तिला लाख म्हणतो. त्या गावात तिला लाखोरी म्हणत. बाई "लाखोरी" म्हणून ओरडल्या असत्या तर मजुरांनी "बरं" म्हटलं असतं आणि विड्या पेटवल्या असत्या. शेवटचं ‘ओरी’ राहिलं आणि सगळा घोटाळा झाला.

कारण मजुरांनी ऐकलं ते एवढंच, की शहरातून आलेल्या, चार महिने माती चाळणाऱ्या बाईला पेव भरून लाख सापडले. जेवणाच्या सुट्टीत ही बातमी गावात गेली. दुपारच्या एसटीबरोबर ती पारशिवनीला पोचली, तिथून खापरखेड्याच्या पॉवर हाउसच्या कॉलनीत. अफवांचं पेव फुटलं असं आपण नुसतं म्हणतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या बाहेर येतो तर पांढरीवर जत्रा. बैलगाड्या, सायकली, एक ट्रक. चिवड्यावाला आला होता, फुगेवालाही आला होता. लाखाचे रातोरात दहा लाख झाले होते, त्यावर नाग बसला होता, आणि तो नाग बाईंनी भिंग दाखवून पळवला होता.

गर्दीच्या पुढे डोमाजी पाटील. मागे कुदळी-फावडी घेतलेली मंडळी. डोमाजी म्हणाले, "बाई, जमीन माही हाय. अर्धा वाटा माहा."

बाईंचा चेहरा खुलला. "अर्धीच का? पाहा ना सगळी!" असं म्हणून त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर काळ्या दाण्यांची चिमूट. "ही पाहा. लाख. लाखेची डाळ."

डोमाजींनी दाण्यांकडे पाहिलं, तंबूंकडे पाहिलं, सरांच्या जीपकडे पाहिलं. "म्हंजे लाखोरी?"

"हो, लाखोरी!"

"बाई," डोमाजी शांतपणे म्हणाले, "येवढे साहेब, येवढे तंबू, जीपगाडी, अन हे सारं जळक्या लाखोरीसाठी? मले काय बह्याड समजून राहिल्या का? मी परवानगी दिली थे पांढरीत धन हाय म्हनून दिली. माल कुठी लपवला थे सांगा."

गर्दीतून हुंकार उठला. खरं सांगायचं तर डोमाजींचं काही चुकत नव्हतं. सोन्याच्या मोहरांवर कुणाचाही विश्वास बसतो. एक शिकलेली बाई जळक्या डाळीसाठी रानात चार महिने राहते यावर आमच्या खात्यातही कुणाचा बसत नव्हता.

हरकरे सर घाबरले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "बुजवून टाका ते पेव. आत्ताच्या आत्ता. तंबू काढू आणि निघू."

"बुजवलं तर हे लोक आपली पाठ वळताच खणतील," बाई म्हणाल्या. "नाही बुजवलं तर आत्ता खणतील. सर, त्याच्यात थर आहेत. कोणत्या दाण्याखाली कोणता दाणा आहे हेच मले पाहायचं आहे. एकदा कुदळ पडली की संपलं. असं पेव मले पुन्हा या जन्मात भेटनार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्यांना त्या अवस्थेत मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला त्या क्षणी सरांचाही राग आला आणि डोमाजींचाही.

मग बाईंनी डोळे पुसले, सरळ डोमाजींच्या घराकडे निघाल्या आणि सगळी जत्रा त्यांच्यामागे. दारात डोमाजींची बायको उभी होती. बाई म्हणाल्या, "वहिनी, घरात लाखोरी आहे?"

वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग गर्दीतल्या हवालदाराकडे. बंदी होती ना! "लाखोरी? आमच्या घरी? नाही वं बाई. आमी तं लाखोरीचं नावबी नाही घेत."

हवालदार समजूतदार निघाला. तो समोरच्या चिंचेकडे पाहत म्हणाला, "मी इथं गर्दीसाठी आलो आहे, डाळीसाठी नाही." तेव्हा कुठे ओंजळभर लाखोरी बाहेर आली. बाईंनी अंगणातल्या चुलीवर तवा ठेवायला सांगितला. वहिनींनी दाणे टाकले आणि सवयीनं परतू लागल्या. बाईंनी त्यांचा हात धरला. "नाही, नाही. आज करपू द्या." गर्दीतल्या सगळ्या बायका एकदम हळहळल्या. धूर झाला, दाणे काळे पडले, फुगले, तडकले. बाईंनी पांढरा रुमाल पसरला. एका कोपऱ्यात तव्यावरचे दाणे, दुसऱ्या कोपऱ्यात पेवातले. मग गळ्यातलं भिंग काढून डोमाजींच्या हातात दिलं. "आता तुम्ही डोळे मिटा. मी जागा बदलते. मग तुमच्या घरची लाखोरी कोणती ते सांगा."

डोमाजींनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. मिशीला पीळ दिला. मग अगदी ठामपणे एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे माही. आपल्या घरचा दाना मी अंधारात वळखतो."

ते पेवातले दाणे होते.

सगळं अंगण हसलं. वहिनी तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोमाजीही हसले, पण मध्येच थांबले. पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. आणि आत सोप्यात खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे त्यांनी वळून पाहिलं. ते त्यांचे वडील, सीतारामबुवा. त्यांचे दोन्ही पाय वाळक्या काटक्यांसारखे खाटेवर दुमडलेले होते. डोमाजी लहान असताना एक वाईट साल आलं होतं. त्या वर्षी घरात दुसरं काही नव्हतं म्हणून बुवांनी वर्षभर लाखोरीच खाल्ली, आणि पुढच्या पावसाळ्यात नांगर धरायला उठायला गेले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून ते हातांवर सरकत चालत.

बुवांनी आतूनच विचारलं, "बाई, थे मानसं, जुने, थेबी उपाशीच होते काय? पेव भरून लाखोरी म्हंजे मंग काही भेटतच नसन त्याइले."

  बाई जवळ जाऊन, खाटेच्या कडेशी बसून म्हणाल्या, "माहीत नाही, बाबाजी. तेच शोधायचं आहे. पण त्यासाठी मला पेवातली सगळी माती, जशी आहे तशी, थराथरानं धुवावी लागेल. कुणी कुदळ घातली तर कधीच कळणार नाही."

बुवा डोमाजीला म्हणाले, "धुवू दे गा तिले. मले ऐकाचं हाय."

आणि मग जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. धन लुटायला आलेली माणसं पाणी वाहू लागली. बाईंची माती धुण्याची रीत साधी होती. पिंपात पाणी, त्यात हळूहळू माती सोडायची, ढवळायची. जड माती तळाला बसते, जळके दाणे वर तरंगतात, ते मलमलीवर गाळून सावलीत वाळवायचे. कुदळीवाल्यांनी नदीवरून कावडी आणल्या. गावातल्या बायकांनी घरचे सोवळ्यात ठेवायचे पांढरे फडके आणले. बाई पेवात बसून कुंच्यानं आणि चमच्यानं थर सोडवत होत्या आणि वर ओरडत होत्या, "वरचं पिंप वेगळं, खालचं वेगळं! मिसळलं तं पाहा मंग!" ‘ले’ आणि ‘तं’ यांचा नुसता पाऊस पडत होता. फुगेवाल्याचा धंदा मात्र बुडाला. हरकरे सरांनी तंबू आणखी काही दिवस ठेवले, आणि एकदा, कुणी बघत नाहीसं पाहून, स्वतः एक बादली ओतली.

परत येताना बाईंनी पुड्यांची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. कोराडीजवळ कोळशाचे ट्रक धुरळा उडवत चालले होते. बाई खिडकीची काच ओढून घेत म्हणाल्या, "तो कोळसा सरकारचा. हा माझा. मिसळायला नको."

पुढचे कित्येक महिने बाई भिंगाला आणि मी टाकाला चिकटून होतो. डबा उघडायला उशीर झाला की कुसुम निरोप पाठवायची, पण बाईंना खाण्याचं भान नव्हतं. इतरांचं हजारो वर्षांपूर्वीचं जेवण मोजता मोजता स्वतःचं विसरायची त्यांना सवयच होती. या वेळी मात्र त्या गप्प गप्प असायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "एरवी मी काय सापडेल ते पाहते, चित्रकार. या खेपेला अमुक सापडावं असं वाटून राहिलं आहे. हे शास्त्राला बरं नाही." आणि त्या भीतीनं त्यांनी प्रत्येक थर दोनदा पाहिला, मलाही दोनदा पाहायला लावला.

त्यांचा त्यावरचा निबंध पुढे छापून आला. माझी चित्रं त्यात होती, बेंब्यांसकट. सरांनी तो परिषदेत वाचायला लावला आणि तेव्हापासून उत्खननात उकिरडा हा शब्द बंद झाला. बाई निवृत्त झाल्यावर फार वर्षं जगल्या नाहीत. एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात कुसुम रोज पेज घेऊन जायची. तिनं त्यांच्यासाठी केलेलं सगळ्यांत मऊ, अजिबात न लागलेलं अन्न ते. त्या गेल्या त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. मला त्यांची अजूनही फार आठवण येते, आणि आठवतात त्या बहुतेक करून एका दुपारच्या, निबंध टाइप व्हायच्याही आधीच्या. कारण बाईंचा हट्ट होता की ज्यानं विचारलं त्याला आधी सांगायचं, मग छापायचं.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. सीतारामबुवा खाटेवरच होते, आणखी वाळलेले. बाई त्यांच्या उशाशी बसल्या. डोमाजी आणि वहिनी उभे राहिले. बाईंनी शास्त्र बाजूला ठेवलं आणि शेजारच्या घरची हकीकत सांगावी तसं सांगितलं, "बाबाजी, पेवात वरच्या अंगाला धान होतं. चांगलं, भरलेलं. त्याच्याबरोबर थोडे गहू, मसूर, आणि सुकवलेली बोरं. लाखोरी होती ती सगळ्यांत खाली. एकदम तळाशी."

बुवांनी जरा विचार केला. "तळाशी थेच ठेवतेत," ते म्हणाले, "जे काढाचं काम पडू नये म्हनते मानूस."

"हो. मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. "वाईट सालासाठी ठेवली होती. पण ते साल आलंच नाही. त्याच्या आधी आग लागली."

"मंग त्याइनं थे खाल्ली नाही?"

"नाही. न खाताच जळाली."

बुवांनी आपल्या दुमडलेल्या पायांवरून हात फिरवला.  मग ते म्हणाले, "बरं झालं." अगदी मनापासून म्हणाले, कालपरवाच शेजारी कुणावरचं गंडांतर टळावं तसं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "अन मानसं? आगीतून मानसं वाचले काय, बाई?"

पेवात हाडं नव्हती. पण त्यावरून काही ठरत नाही. आजूबाजूची वस्ती आम्ही खणलीच नव्हती. हे मला माहीत होतं आणि बाईंना माझ्याहून जास्त माहीत होतं. बाईंनी बुवांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वाचले, बाबाजी. सारे वाचले."

बुवा मागे टेकले. वहिनींनी चहा आणला. आम्ही परतीच्या एसटीत बसलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, वाचले म्हणून सांगितलंत. याला पुरावा काय?"

बाईंनी बाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेनं धानाच्या कापलेल्या बांध्या होत्या आणि त्यांत लाखोरी निळ्या फुलांवर आली होती.

"ती सगळी जळाली होती ना पेवात?" बाई म्हणाल्या. "मग एक मूठ बियाणं घेऊन कुणी आगीतून पळालंच नसेल, तर ही कुठून आली?"